भरतीचा खर्च कोणाच्या खिशातून?

२०२३ साली माळशिरस तालुक्यातल्या नातेपुत्याच्या एखाद्या स्थापत्य पदवीधर मुलाने शासकीय नोकरीसाठी जेवढे अर्ज करता येतील तेवढे केले असते, तर त्याची वर्षाची यादी साधारण अशी झाली असती: तलाठी भरती, जिल्हा परिषदेची भरती, नगर परिषदांची भरती, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि वर्ष संपता संपता जलसंपदा. पाच जाहिराती, पाच अर्ज. खुल्या प्रवर्गातला असेल तर प्रत्येकी हजार रुपये, मागास प्रवर्गातला असेल तर नऊशे. जिल्हा परिषदेत दोन पदांसाठी पात्र असेल तर दोन वेगळी शुल्के. ई-सेवा केंद्रात फॉर्म भरून घेण्याचे पैसे वेगळे, आणि हॉलतिकीट आल्यावर परीक्षा केंद्र कुठल्या जिल्ह्यात निघेल ते नशिबावर. तलाठी परीक्षेच्या वेळी घरापासून शेकडो किलोमीटरवरची केंद्रे मिळाल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या होत्या. नातेपुत्याहून सोलापूर सव्वाशे किलोमीटरच्या वर, पुणे दीडशेच्या आसपास. म्हणजे केंद्र जवळचे मिळाले तरी एक दिवस आणि एसटीचे जाऊन-येऊन भाडे गेलेच.

त्याच वर्षी याच गावातल्या एखाद्या मुलीने केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा द्यायचे ठरवले असते, तर तिला शुल्क शून्य. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना त्या परीक्षेचे शुल्कच नाही. बाकीच्यांना शंभर रुपये. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांनाही शंभर रुपये, आणि मुलींना माफी. थोडक्यात, नातेपुत्यातल्या मुलीला कलेक्टर होण्याची परीक्षा फुकट आणि त्याच कलेक्टरच्या हाताखाली तलाठी होण्याची परीक्षा हजार रुपयांना. ही विसंगती कोणी मुद्दाम योजून केली असेल असे मला वाटत नाही. पण भरतीचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न महाराष्ट्राने कधी नीट विचारला नाही आणि उत्तर आपसूक सर्वांत दुबळ्या माणसाच्या खिशात जाऊन पडले, एवढे मात्र त्यातून दिसते.

तलाठी भरतीचाच हिशेब मांडू. पदे ४,६४४. अर्ज दहा लाखांच्या वर. प्रत्येक अर्जामागे कमीत कमी नऊशे रुपये धरले तरी रक्कम नव्वद कोटींच्या घरात जाते. नोकरी लागणार होती हजारात साडेचार जणांना. उरलेल्या नऊशे पंचाण्णव जणांनी त्या साडेचार जणांच्या निवडीचा खर्च उचलला. निवड झालेल्या तलाठ्याचे मूळ वेतन २५,५०० रुपयांपासून सुरू होते. ४,६४४ जणांचे पहिल्या वर्षाचे नुसते मूळ वेतनच १४२ कोटींच्या आसपास जाते, आणि शासन ते पुढे तीस-पस्तीस वर्षे, वाढत्या दराने, देत राहणार असते. एवढा मोठा खर्च करायला तयार असलेला मालक माणूस निवडण्याचा एकदाचा खर्च मात्र दारात उभ्या असलेल्या बेकाराकडून घेतो. खासगी क्षेत्रात एखाद्या कंपनीने मुलाखतीला बोलावून हजार रुपये मागितले तर आपण तिला फसवी कंपनी म्हणतो, आणि पोलीसही तरुणांना हेच सांगतात की नोकरीसाठी आधी पैसे मागणाऱ्यापासून सावध राहा.

शुल्क घेण्याच्या समर्थनार्थ जे सांगितले जाते ते अगदीच पोकळ नाही, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्राने भरतीच्या बाबतीत बरेच भोगले आहे. महापरीक्षा पोर्टल तक्रारींच्या ओझ्याखाली २०२० मध्ये बंद करावे लागले. मग खासगी कंपन्यांना कामे दिली गेली. २०२१ मध्ये आरोग्य विभागाची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली, नंतर घेतली तेव्हा पेपर फुटला, आणि डिसेंबरात म्हाडाची परीक्षा तर ऐन मध्यरात्री रद्द झाली. शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरव्यवहार त्याच चौकशीच्या ओघात बाहेर आला. या सगळ्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये शासनाने ठरवले की सरळसेवा भरतीच्या परीक्षा टीसीएस आणि आयबीपीएस या दोनच संस्थांकडून घ्यायच्या. संगणकावर परीक्षा, अनेक सत्रे, प्रत्येक सत्राला वेगळी प्रश्नपत्रिका, केंद्रांवर तपासणी. हे स्वस्तात होत नाही. स्वस्तात करायला गेले की काय होते ते आपण पाहिले होतेच. तेव्हा चांगल्या परीक्षेला पैसे लागतात, हे शासनाचे म्हणणे मला मान्य आहे. प्रश्न ते कोणी द्यायचे याचा आहे.

आणि पैसे कोण देतो यावर परीक्षा कशी होते, हेही ठरते. माझ्या मते या वादातला खरा मुद्दा हाच आहे, आणि शुल्क जास्त की कमी या भांडणात तो हरवतो. अशा संस्था साधारणपणे प्रति उमेदवार दर लावतात. शुल्क उमेदवाराचे असले की विभागाला त्याची झळ बसत नाही. बांधकाम विभागाला स्थापत्य अभियांत्रिकी सहायक हवेत, जलसंपदेला हवेत, जिल्हा परिषदांना हवेत. पात्रता तीच, अभ्यासक्रम जवळजवळ तोच, परीक्षार्थीही तेच. तरी परीक्षा वेगवेगळ्या, कारण वेगळी परीक्षा घेण्याचा एक रुपयाही विभागाच्या अंदाजपत्रकातून जात नाही. उद्या तो खर्च विभागाच्याच तरतुदीतून जायचा असे ठरले, तर दोन्ही विभागांचे सचिव एका बैठकीत एका परीक्षेवर येतील. केंद्रात हे कधीचे झाले आहे. कर्मचारी निवड आयोगाची कनिष्ठ अभियंत्यांची एकच परीक्षा केंद्रीय बांधकाम विभाग, केंद्रीय जल आयोग, लष्करी अभियांत्रिकी सेवा, सीमा रस्ते संघटना अशा कितीतरी खात्यांना माणसे पुरवते.

उशिराचेही तेच. मार्च २०१९ मध्ये जिल्हा परिषदांच्या तेरा हजारांहून अधिक पदांची जाहिरात निघाली. लाखो मुलांनी शुल्क भरले. निवडणुका आल्या, करोना आला, पोर्टल बदलले, आरक्षणाचे प्रश्न आले. परीक्षा काही झाली नाही. तीन वर्षांहून अधिक काळ गेल्यावर भरती रद्द झाली आणि शुल्क परत करायचे ठरले. ते परत मिळवायलाही मुलांना पुन्हा ऑनलाइन माहिती भरावी लागली. २०२३ मध्ये १९,४६० पदांची नवी जाहिरात आली तेव्हा तीच मुले, आता चार वर्षांनी मोठी, नवे शुल्क भरून रांगेत उभी होती. हा पैसा विभागाचा स्वतःचा असता, तर वित्त विभागाने तीन वर्षे तो असा अडकू दिला असता का?

आता राज्यघटनेकडे वळू. अनुच्छेद ३२२ सांगते की राज्य लोकसेवा आयोगाचा खर्च, सदस्य आणि कर्मचाऱ्यांच्या वेतन-निवृत्तिवेतनासकट, राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असेल. भारित खर्च म्हणजे विधिमंडळाच्या मतदानालाही न टाकला जाणारा खर्च. न्यायाधीशांचे पगार आणि कर्जाचे व्याज ज्या पंगतीला बसते त्याच पंगतीला. भरती ही राज्याची मूलभूत जबाबदारी आहे आणि ती करणाऱ्याने पैशासाठी कोणाच्या तोंडाकडे बघू नये, हा त्यामागचा हेतू उघड आहे. लोकसेवा आयोगही शुल्क घेतो, पण त्याचे अस्तित्व त्या शुल्कावर उभे नाही. जिल्हा स्तरावरच्या पदांच्या बाबतीत मात्र आपण उलटे केले. आयोगाकडे मनुष्यबळ कमी म्हणून पदे आयोगाबाहेर ठेवली, आणि बाहेर ठेवलेली भरती अर्जदाराच्या शुल्कावर चालवली. लिपिक-टंकलेखकांची पदे २०२३ च्या जाहिरातीपासून आयोगाकडे आली, हे पाऊल योग्य दिशेने पडले. बाकीची गट क ची पदेही तिकडेच जायला हवीत, आणि सोबत आयोगाला पुरेसे कर्मचारीही मिळायला हवेत. नाहीतर पदे जातील आणि निकाल दोन-दोन वर्षे लटकतील.

नोकरी शोधणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, ही काही नवी किंवा परकी कल्पना नाही. आपल्याकडे सेवायोजन कार्यालये सुरू झाली ती १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी. १९४८ पासून ती सर्वांना खुली झाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९४८ चा ८८ क्रमांकाचा करार सदस्य देशांना मोफत सार्वजनिक रोजगार सेवा चालवायला सांगतो, आणि भारताने तो १९५९ मध्ये स्वीकारला. माळशिरस तालुक्यातल्या आधीच्या पिढीला एम्प्लॉयमेंटचे कार्ड आठवत असेल. सोलापूरला जाऊन नाव नोंदवायचे, दर काही वर्षांनी नूतनीकरण करायचे, आणि कधीतरी कॉल येईल म्हणून पोस्टमनची वाट पाहायची. कॉल फारच थोड्यांना आला. पण कार्डाला पैसे पडत नव्हते.

ती व्यवस्था का ढासळली? कारणे अनेक आहेत, आणि त्यातले एक थेट पैशाचेच आहे. १९५६ मध्ये या कार्यालयांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला, तेव्हा साठ टक्के खर्च केंद्र देत होते. १ एप्रिल १९६९ पासून सगळा भार राज्यांवर आला. राज्यांच्या अंदाजपत्रकात ही कार्यालये शेवटच्या रांगेत गेली. शिवाय १९५९ च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळवण्याची सक्ती केली होती. जागा भरायची सक्ती नव्हती, आणि न कळवल्यास पहिल्या वेळी दंड होता पाचशे रुपयांपर्यंत. पाचशे रुपयांच्या भीतीने कोणता कारखानदार कागद पाठवील? डॉक्टर, अभियंते, हिशेबनीस अशा उच्चशिक्षितांसाठी काही राज्यांनी वेगळी व्यावसायिक सेवायोजन कार्यालये काढली, पण मालकांनी पाठ फिरवल्यावर तीही नोंदवह्यांची कोठारे होऊन बसली. आता महास्वयम पोर्टल आहे, केंद्राचे २०१५ चे नॅशनल करिअर सर्व्हिस आहे, जिल्ह्याजिल्ह्यात रोजगार मेळावे होतात. कार्डाच्या जागी लॉगिन आले. पैशाचा प्रश्न मात्र तिथेच थांबला आहे.

ब्रिटनने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवून पाहिला. तिथे व्यवस्थापक आणि उच्चशिक्षितांसाठी सरकारची स्वतंत्र भरती सेवा होती आणि सत्तरच्या दशकात ती मालकांकडून फी घेऊ लागली. खर्च भागेना, सरकार बदलले, आणि १९८८ मध्ये थॅचर सरकारने ती विकून टाकली. यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. मालकाकडून पैसे घ्यायचे हे तत्त्व बरोबर होते. पण सेवा पूर्णपणे फीवर सोडली की मंदीच्या काळात, म्हणजे तिची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच, तिचे उत्पन्न आटते. तेव्हा आधार करातूनच हवा आणि मालकाची फी त्यावर भर म्हणून हवी.

मालकाने द्यायचे, हे तत्त्व आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. अकलूजच्या बाजार समितीत माल घेऊन जाणाऱ्याने वर्षानुवर्षे आडत दिली, पट्टीतून कापून दिली. २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय केला, व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, तरी शासन हटले नाही. विकणारा गरजू असतो, घेणारा सबळ असतो, म्हणून मधला खर्च घेणाऱ्यावर, हा त्यातला विचार. त्याच शेतकऱ्याचा मुलगा आपले श्रम घेऊन शासनाच्या दारात गेला की आडत पुन्हा विकणाऱ्याकडून. इथे घेणारा शासनच आहे, म्हणून बहुधा.

आणि पैसे देता येत नाहीत असेही नाही. ६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय आठवा. अतिकुशल, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल मनुष्यबळ बाह्ययंत्रणेमार्फत घेण्यासाठी नऊ एजन्सी नेमल्या गेल्या आणि त्यांना वेतनावर पंधरा टक्के सेवाशुल्क ठरले. अभियंते, प्रकल्प अधिकारी, लेखापाल, सगळेच त्यात होते. तीव्र विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द झाला, हे बरे झाले. पण त्यातून एक गोष्ट कायमची नोंदली गेली: माणसे मिळवून देण्याबद्दल दरमहा, पगार चालू आहे तोवर, पंधरा टक्के द्यायची शासनाची तयारी होती. तेच शासन त्याच महिन्यात कायम पदांच्या परीक्षेसाठी बेकार मुलांकडून हजार रुपये घेत होते.

शुल्क नसले तर गंभीर नसलेली मुलेही अर्ज करतील, परीक्षेला येणार नाहीत आणि खर्च वाया जाईल, हा शेवटचा आक्षेप. त्याला रेल्वेने उत्तर शोधून ठेवले आहे. रेल्वे भरती मंडळ पाचशे रुपये घेते आणि उमेदवार परीक्षेला बसला की चारशे परत करते; महिला, अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक, आर्थिकदृष्ट्या मागास यांच्याकडून अडीचशे घेते आणि, किरकोळ बँक खर्च सोडला तर, ते सगळे परत करते. जो बसला नाही त्याचे गेले. गंभीरपणा तपासायचा असेल तर एवढी अनामत पुरे. हजार रुपयांनी गंभीरपणा मोजला जात नाही, बापाच्या खिशात या महिन्यात किती शिल्लक आहे तेवढे मोजले जाते. उसाचे बिल अडकलेल्या घरातला गंभीर मुलगा या चाळणीत गळतो आणि सुस्थितीतला हौशी सहज वर राहतो.

मग पैसा आणायचा कुठून? यासाठी महाराष्ट्राला बाहेर पाहायची गरज नाही. १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला, बहात्तरच्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली आणि सोलापूर जिल्ह्याने तिचे पाझर तलाव आणि नालाबंडिंग जवळून पाहिले. त्या योजनेला पैसा पुरवण्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. ज्याला पगार आहे त्याने, ज्याला काम नाही त्याच्यासाठी, दरमहा थोडे द्यायचे. आणि करातून जमेल तेवढीच भर शासनाने घालायची. शहरी मध्यमवर्गाने कुरकुर केली असेल, पण कर टिकला. आजही पगाराच्या स्लिपवर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार, ही कपात दिसते. १९८८ च्या घटनादुरुस्तीने कमाल मर्यादा अडीचशेवरून अडीच हजार केली, त्यानंतर ती हललेली नाही. तेव्हाचे अडीच हजार आणि आजचे अडीच हजार यांत किती अंतर आहे, ते सांगायला नको.

२००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर रोजगार हमीच्या मजुरीचा मोठा वाटा दिल्लीकडून येऊ लागला, म्हणून त्या कराच्या मूळ हेतूला आज नवे काम देता येते. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये संप झाला, तेव्हा संपातल्या राज्य आणि निमशासकीय कर्मचाऱ्यांची संख्या संघटना सतरा लाखांच्या आसपास सांगत होत्या. पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना आता सूट आहे, ती वजा केली तरी फक्त एवढ्याच वर्गाचा व्यवसाय कर वर्षाला चारशे कोटींच्या जवळपास होतो. खासगी नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी त्यात धरलेलेच नाहीत. तलाठी भरतीसारख्या चार महाकाय परीक्षा त्यातून दरवर्षी भागतील. तेवढ्या दरवर्षी होत नाहीत, हीच तर मुलांची तक्रार आहे. यासाठी नवा कर नको. शासकीय कर्मचाऱ्यांच्या व्यवसाय कराचा ठरावीक हिस्सा कायद्याने बाजूला काढून तो लोकसेवा आयोगाला आणि जिल्हा रोजगार मार्गदर्शन केंद्रांना द्यावा. ज्यांना एकदा शासनाने नोकरी दिली त्यांनी पुढच्याच्या निवडीचा खर्च उचलावा, यात अन्याय काही नाही. त्यांच्यातले बहुतेक जण कधीकाळी असाच फॉर्म भरून आले आहेत.

खासगी मालकांचा वाटा वेगळा. मेळाव्यात येऊन पन्नास मुलांचे बायोडाटे घेऊन जाणाऱ्या कंपनीने, त्यातले पाच जण घेतले तर, त्या पाच जणांमागे जिल्हा केंद्राला ठरावीक रक्कम द्यावी. खासगी प्लेसमेंट संस्थेला ती देतेच. जी कंपनी मेळाव्यात जागा जाहीर करते आणि कोणालाच घेत नाही तिला पुढच्या मेळाव्याला बोलावू नये. एवढी शिस्त आली तरी मेळाव्यांच्या बातम्यांतले आकडे आणि प्रत्यक्ष रुजू झालेले यांतले अंतर बरेच मिटेल.

हे सगळे एका दिवसात होणार नाही, आणि तोपर्यंत शुल्क पूर्ण बंद करा असे मी म्हणत नाही. पण तीन गोष्टींना एकाही रुपयाची तरतूद लागत नाही. समान पात्रतेच्या पदांना एकच परीक्षा आणि एकच अर्ज असावा. शुल्क घेतल्यापासून वर्षभरात परीक्षा झाली नाही, तर ते न मागता, व्याजासह, त्याच खात्यात परत जावे. आणि प्रत्येक भरतीच्या अंतिम निकालासोबत तिचा जमाखर्च छापला जावा: शुल्क किती जमले, संस्थेला किती दिले, उरले ते कुठे गेले.

माळशिरस तालुक्याचे, सोलापूर जिल्ह्याचे आमदार, कोणत्याही पक्षाचे असोत, येत्या अधिवेशनात हा जमाखर्च मागू शकतात. तलाठी भरतीपासून सुरुवात करावी. मुलांनीही निवेदन द्यायला मुंबईला जायची गरज नाही. तहसील कार्यालय नातेपुत्याहून एका एसटीच्या अंतरावर, माळशिरसला आहे.